दक्षिणायनाच्या उंबऱ्यावर : युटाच्या वाळवंटातले चार दिवस

18 जून 2024, मंगळवार. अँटिलोप आयलंड

कोल्हापुरात मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. जूनमध्ये नव्या वर्गाचा पहिला तास ठरलेला असायचा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात काडेपेटीएवढी चौकोनी खिडकी कापायची, वर्ग घेऊन रंकाळ्यावर जायचं आणि मुलांना सांगायचं की सगळा रंकाळा काढायचा नाही, या खिडकीत मावेल तेवढाच काढायचा. मुलं आधी हिरमुसायची. एवढा मोठा तलाव, आणि खिडकीत येतो संध्यामठाचा एक कोपरा. पण पाच-सात मिनिटं गेली की एकेक जण गप्प व्हायचा. एक डोळा मिटून, पुठ्ठा नाकासमोर धरून पोरं बघत राहायची. त्या गप्प होण्यासाठीच मी तो तास घ्यायचे.

निवृत्तीच्या थोडं आधी एका मासिकात एक कृष्णधवल फोटो पाहिला. मोकळ्या माळावर लोखंडी पाइपचा एक उभा दांडा, त्यावर डोळ्यांच्या उंचीला एक आखूड आडवा पाइप. त्या पाइपला डोळा लावायचा आणि पलीकडचं जे दिसेल ते बघायचं. झालं, एवढीच कलाकृती. खाली नाव होतं, नॅन्सी होल्ट. माझ्या पुठ्ठ्याची सख्खी बहीण भेटावी तसं मला झालं. 1971च्या सुमारास त्यांनी हे 'लोकेटर्स' करायला घेतले. 1972 साली मोंटाना राज्यातल्या एका कुरणात त्यांनी असे आठ पाइप उभे केले, आणि त्याच वर्षी ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकडीतून आरपार एक पाइप घातला, पलीकडचा समुद्र दिसावा म्हणून. तेव्हापासून त्यांचं सर्वांत प्रसिद्ध काम, युटाच्या वाळवंटातले 'सन टनेल्स', म्हणजे सूर्याचे बोगदे, डोळ्यांनी बघायचं मनात होतं. लेक सॉल्ट लेक सिटीत राहायला आली आणि ते जमण्यासारखं झालं. मात्र जायचं तर 20-21 जूनलाच, कारण वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी उगवता आणि मावळता सूर्य त्या बोगद्यांच्या रेषेत येतो, हे मी तिला जानेवारीतच सांगून ठेवलं होतं.

लेकीची ऑफिसची वेळ संपल्यावर आज संध्याकाळी फक्त तळं बघायला गेलो. ग्रेट सॉल्ट लेकला बाहेर जायची वाटच नाही. बेअर, वेबर आणि जॉर्डन या नद्या पाणी आणून ओततात, पाणी उन्हात उडून जातं, मीठ मागे राहतं. अँटिलोप आयलंडकडे जाणाऱ्या बंधाऱ्यावर उतरलो तर ओळखीचा वास आला. भाईंदरच्या मिठागराजवळून लोकल जाते तेव्हा येतो तोच, थोडा कुबट, थोडा खारा. काठावर बारीक माश्यांची काळी पट्टी होती. पाय टाकला की ती लाटेसारखी मागे सरायची. अंगाला एकही माशी चिकटत नाही.

तळं आटत चाललंय. नद्यांचं पाणी वाटेतच शेतीला आणि शहरांना जातं. नोव्हेंबर 2022मध्ये पातळी आजवरच्या नोंदींतली सर्वांत खालची होती. त्यानंतर दोन हिवाळे बर्फ बरा पडला म्हणून थोडं पाणी चढलं. तरी काठापासून पाण्यापर्यंत चालताना पायाखाली जो पांढरा, भेगाळलेला पट्टा लागतो, तो तळ्याचाच तळ. वारा सुटला की हाच तळ धूळ होऊन शहरात जातो, आणि त्या धुळीत आर्सेनिक असतं, असं लेकीने सांगितलं. उन्हाळ्यात कुठल्याही धरणाचा आटलेला तळ बघितला की पोटात जसं कालवतं, तसंच झालं.

19 जून, बुधवार. प्रोमॉन्टरी आणि रोझेल पॉइंट

आज जूनटीन्थची, म्हणजे अमेरिकेतली गुलामगिरी संपल्याच्या आठवणीची सुट्टी, त्यामुळे लेक आणि जावई दोघंही बरोबर. पहाटे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. कोरीन गावात पेट्रोल भरलं, कारण पुढे काहीच मिळत नाही.

आधी प्रोमॉन्टरी समिट. 10 मे 1869 रोजी इथे पूर्वेकडून आलेला आणि पश्चिमेकडून आलेला रेल्वेमार्ग जोडला गेला आणि शेवटचा खिळा सोन्याचा ठोकला. आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर सोळा वर्षांनी. पश्चिमेकडचा मार्ग बहुतेक चिनी मजुरांनी बांधला, आणि त्याच वर्षी 28 एप्रिलला त्यांच्या बाजूने एका दिवसात दहा मैल रूळ टाकले. तिथल्या दोन रंगीत इंजिनांपेक्षा मला ती दहा मैलांची पाटी जास्त बघावीशी वाटली. एका दिवसात दहा मैल रूळ टाकायचे म्हणजे किती जणांची कंबर, किती जणांचे पंजे.

या रेल्वेचा आमच्या प्रवासाशी फार जवळचा संबंध आहे, आणि तो मला इथे आल्यावरच नीट कळला. जुना मार्ग तळ्याला उत्तरेकडून वळसा घालून जायचा. 1904 साली कंपनीने तळ्यावरूनच सरळ लाकडी पूल टाकला, लुसिनच्या दिशेने. प्रोमॉन्टरी बाजूला पडलं आणि दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, इथले रूळ उखडून नेले. पुढे 1959मध्ये लाकडी पुलाऐवजी दगडमातीचा भराव आला आणि त्या भरावाने तळ्याचे दोन तुकडे केले. नद्या सगळ्या दक्षिणेच्या तुकड्यात. उत्तरेला गोडं पाणी जवळजवळ पोचेना. तिथलं पाणी समुद्राच्या कितीतरी पट खारट झालं, आणि एवढ्या मिठात जगू शकणारे जीव वाढून ते लालसर झालं. आपल्याकडे जून 2020मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं होतं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव, हे कारण सांगितलं होतं. इथेही तीच जात, जोडीला लाल रंगद्रव्याचं शेवाळ.

हे लाल पाणी बघूनच रॉबर्ट स्मिथसन यांनी जागा पसंत केली. स्मिथसन म्हणजे होल्टबाईंचे यजमान. एप्रिल 1970मध्ये त्यांनी रोझेल पॉइंटला डंपर आणि लोडर लावून किनाऱ्यावरचे काळे दगड आणि माती तळ्यात लोटली आणि दीड हजार फूट लांब, पंधरा फूट रुंद अशी एक वळत जाणारी वाट तयार केली. तीच 'स्पायरल जेटी'. साडेसहा हजार टनांहून जास्त माल गेला. दोनएक वर्षांत तळं चढलं आणि वाट बुडाली, ती जवळपास तीस वर्षं पाण्याखालीच राहिली. आता पाणी पार लांब गेलंय.

सोळा मैल मुरमाचा रस्ता. शेवटी टेकडीच्या कडेने वळलो आणि खाली ती दिसली. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. लेक म्हणाली, "आई, उतरून चाल, मग सांग."

उतरले. दगड आपलेच, सह्याद्रीतला काळा बसाल्ट. पन्हाळ्याच्या तटबंदीत दिसतो तो. फक्त इथे त्याच्या भेगाभेगांत मीठ बसलंय, काही दगडांवर साखरेच्या पाकासारखा थर. पायाखाली कुरकुर आवाज. वाट घड्याळाच्या उलट्या दिशेने आत वळते. पहिल्या वळणापर्यंत समोर डोंगर होता. मग डोंगर पाठीशी गेला आणि समोर नुसतं पांढरं मैदान, त्याच्या पलीकडे गुलाबी रेघ. पुन्हा वळले, पुन्हा डोंगर. मध्यावर पोचेपर्यंत दिशांचा ताबा सुटला होता. प्रदक्षिणा घालताना आपण मूर्तीला मध्ये ठेवतो, इथे मध्यावर पोचलं तर काहीच नाही, चार दगड आणि वारा. मला ते आवडलं. पण खरं सांगायचं तर हे काम मला थोडं दांडगं वाटलं. एवढे दगड ढकलून तळ्याला आकार द्यायची ती इच्छा तरुण पुरुषाची आहे, आणि तिच्यात ताकद आहे हेही खरं.

जेटीची स्मिथसन यांनी फिल्मही केली, त्यातलं काही चित्रण होल्टबाईंनी केलंय. दोघांचं लग्न 1963चं. मध्यावर उभी राहून मी विचार करत होते की होल्टबाईंच्या डोळ्यांना हे कॅमेऱ्याच्या भिंगातून कसं दिसलं असेल. वाट गोल फिरते, भिंग गोल, आणि पुढे त्यांच्या कामात गोल खिडकीच सगळीकडे आली.

पाण्यापर्यंत चालत गेलो. बराच वेळ लागला. पाणी खरोखर गुलाबी होतं, ओंजळीत घेतलं की मात्र रंग जवळपास दिसेना. हात वाळल्यावर तळव्यावरच्या रेषांत पांढरं मीठ उरलं.

20 जून, गुरुवार. बोनव्हिल ते लुसिन

जावई आज कामावर, त्यामुळे आम्ही दोघी मायलेकी. गाडीत पंचवीस लिटर पाणी, तंबू, दोन चटया, दशम्या, तिळाची चटणी, आणि माझी चित्राची पिशवी. शहर सोडून पश्चिमेला निघालो की दीड-दोन तास डावी-उजवीकडे नुसतं मीठ. बोनव्हिलचं मैदान. हिमयुगात इथे ग्रेट सॉल्ट लेकच्या अनेक पटींनी मोठं तळं होतं, त्याचा हा तळ. डोंगरांच्या अंगावर अजून आडव्या पायऱ्यांसारख्या रेघा दिसतात. त्या जुन्या तळ्याचे काठ. बादलीत रंगीत पाणी आटत गेलं की आत कड्या राहतात, तशा.

या मैदानात महामार्गाच्या कडेला एक 87 फूट उंच सिमेंटचं झाड आहे, रंगीबेरंगी गोळ्यांचं. कार्ल मोमेन या स्वीडिश कलाकाराने 1986 साली पुरं केलेलं. एवढ्या निर्जन जागी कुणीतरी झाड उभं करावं ही माया मला कळते. पण ते झाड बघताना मैदान दिसेनासं झालं. नजर गोळ्यांना चिकटली. आम्ही थांबलो नाही.

वेंडोव्हरवरून नेव्हाडात शिरलो, ओएसिसला महामार्ग सोडला, माँटेलो गेलं, पुन्हा युटात आलो. लुसिनकडे वळायचा फाटा आम्ही पहिल्यांदा चुकलो. नकाशाने मोबाइलमध्ये कधीच मान टाकली होती. पाच-सहा मैल पुढे जाऊन लेकीने गाडी थांबवली आणि मी तिला म्हटलं, रेल्वे शोध. रूळ दिसले की लुसिन. तसंच झालं. लुसिन हे गाव आता नाही. वाफेच्या इंजिनांसाठी पाणी साठवायचं तळं आणि थोडी झाडं तेवढी राहिलीत. काल ज्या भरावाने तळं चिरल्याचं पाहिलं, त्याचं हे पश्चिमेकडचं टोक. मालगाडी गेली. मी डबे मोजायला लागले आणि शंभराच्या आसपास सोडून दिलं.

तिथून कच्च्या रस्त्याने चार-पाच मैल. फुपाटा एवढा की मागचं काही दिसेना. मग लांबवर चार ठिपके.

जवळ गेल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "मोरीचे पाइप!" आणि ते खरंच आहे. रस्त्याखालच्या मोरीला घालतात तसे सिमेंटचे पाइप, फक्त अवाढव्य. प्रत्येक अठरा फूट लांब, नऊ फुटांहून उंच, 22 टनांचा. आत आठ फुटांचा व्यास, म्हणजे मी हात वर करून उभी राहिले तरी वरती जागा उरली. भिंत सव्वासात इंच जाड. चार पाइप फुलीच्या आकारात मांडलेत आणि फुलीची एक तिरकी रेघ 86 फूट. मध्ये एक छोटी सिमेंटची गोल चकती, तिथे उभं राहायचं. सिमेंटचा रंग आजूबाजूच्या जमिनीसारखाच, त्यामुळे जरा लांब गेलं की पाइप जमिनीत मिसळून जातात.

होल्टबाईंनी 1974 साली इथे चाळीस एकर जमीन विकत घेतली. त्याआधी न्यू मेक्सिको, अॅरिझोना, युटा पालथं घातलं. त्यांना सपाट वाळवंट हवं होतं आणि भोवती बुटके डोंगर, उंच नकोत, कारण सूर्य वेळेवर दिसला पाहिजे. मग कामाला लागल्या. 1976 साली काम पुरं झालं. या कामात कोण कोण होतं याची यादी त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय आणि ती मला फार भावते. इंजिनिअर, खगोलशास्त्रज्ञ, मोजणीदार आणि त्याचा मदतनीस, रस्ता करणारा, डंपरवाले, सुतार, चर खणणारे, पाइपच्या कारखान्यातले कामगार, भोकं पाडणारे, क्रेनवाला. स्वतःच्या नावाच्या कामात क्रेनवाल्याला मोजणारी बाई. त्या मुळात जीवशास्त्र शिकलेल्या. निरीक्षण करून नीट लिहून ठेवायची सवय तिथून आली असावी, असा माझा कयास.

पाइपांच्या पाठीवर भोकं आहेत, सात, आठ, नऊ आणि दहा इंचांची. ती हवी तशी पाडलेली नाहीत. प्रत्येक पाइपवर एक तारकासमूह आहे: कालेय, ययाती, कपोत आणि मकर. तारा जेवढा तेजस्वी तेवढं भोक मोठं. भर दुपारी आत शिरलं की उन्हाचे गोल कवडसे खाली पडलेले असतात. म्हणजे दिवसा पायाशी तारे. लेकीने फोनमधलं आकाशाचं चित्र काढून कालेय ओळखला, नागासारखी लांब वळणारी ओळ.

बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत गारवा. पंधरा-वीस अंश फॅरनहाइटचा फरक पडतो असं होल्टबाईंनीच नोंदवलंय, आणि अंगाला तो पटतो. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना लागतो तसा. बोललं की आवाज घुमतो, त्यामुळे सगळे आपोआप हळू बोलतात. लोकही बरेच जमले होते, पन्नाससाठ तरी. तंबू सगळ्यांनी लांब टाकले, शेकोटी कुणी पेटवली नाही. एक आजोबा घडीची खुर्ची घेऊन आले होते, ते दर काही वर्षांनी येतात म्हणाले. त्यांनी लेकीला विचारलं, आई काय काढतेय? कारण मी वही उघडून बसले होते.

मी काय काढत होते ते सांगते. बाहेर उभं राहिलं की हे वाळवंट चित्रात मावत नाही. चारी बाजूंना क्षितिज, डोंगर किती लांब याचा अंदाज येत नाही, पाच मैल की पन्नास कळत नाही. हात थांबतो. पाइपच्या एका तोंडाशी बसून दुसऱ्या तोंडातून बघितलं की त्याच डोंगराला एक गोल कडा मिळते, खाली थोडी खुरटी झुडपं, वरती डोंगर, त्यावर आभाळ. हात आपोआप चालायला लागतो. एवढा अफाट पसारा माणसाच्या मापात आणावा, हेच होल्टबाईंच्या मनात होतं, आणि रंकाळ्यावर मुलांना पुठ्ठा देताना मला जे नीट सांगता येत नव्हतं ते हेच. ही बघायची वस्तू नाही, जिच्यातून बघायचं अशी आहे. सकाळी त्या सिमेंटच्या झाडाशेजारून जाताना मला जे खटकलं त्याचं उत्तर मला इथे बसल्यावर मिळालं.

रात्री नऊच्या पुढे सूर्य खाली आला. सगळे पाइपांच्या रेषेत येऊन बसले. मी मधल्या चकतीजवळ. वायव्येच्या पाइपमधून बघायचं. गोल आधी केशरी झाला, मग त्याच्या आत सूर्य आला. परातीत बोर ठेवावं एवढासाच. तो खाली, खाली, डोंगराच्या रेघेला टेकला. त्याच क्षणी पाइपच्या आतली सगळी भिंत तांब्याची झाली. मागे वळून पाहिलं तर तोच उजेड आमच्या डोक्यांवरून आग्नेयेच्या पाइपमध्ये शिरला होता आणि तिथे आतमध्ये आमच्या सावल्या उभ्या होत्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला बरं वाटलं.

आमच्या अंबाबाईचा किरणोत्सव मी लहानपणापासून बघत आले. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. घंटा वाजत असतात, गर्दीत उभं राहायला जागा नसते, आणि तरी ती तिरीप वर चढताना अंगावर काटा येतो. किरणं अलीकडे कधी कधी पोचत नाहीत, वाटेतल्या बांधकामांमुळे. इथे आज मला त्याचं फार वाईट वाटलं. होल्टबाईंनी चाळीस एकर घेतली त्याचं एक कारण मला आज दिसलं. सूर्याच्या वाटेत उद्या कुणी उभं राहू नये.

देवळात किरण देवीकडे जातो. इथे गाभारा रिकामा आहे, तिथे आपण बसलेलो असतो. मला आधी ते जड गेलं. मग मी मनातल्या मनात अंबाबाईला नमस्कार केला आणि तशीच बसून राहिले.

सूर्य बुडेपर्यंत आग्नेयेच्या डोंगरावर चंद्र आला होता. उद्या पौर्णिमा. लेकीने विचारलं, "तो बोगद्यात का नाही आला?" चंद्र पाइपच्या उजवीकडे, बाहेरच होता. तिच्याच फोनवर शोधून तिने मला समजावलं: चंद्राची उगवायची जागा साडेअठरा वर्षांच्या फेऱ्यात पुढेमागे होते, आणि 2024-25मध्ये ती टोकाला जाते. त्यामुळे यंदाचा चंद्र सूर्याच्या वाटेपेक्षाही दक्षिणेला. रात्री बारानंतर मी एकटी उठून गेले. पाइपात चांदण्याचे फिकट गोल पडले होते, पिठीच्या रांगोळीसारखे. त्यातल्या एकावर हात ठेवला. सिमेंट अजून कोमट होतं.

21 जून, शुक्रवार. वटपौर्णिमा

पाचलाच उठलो. गार वारा, शाल घट्ट. सहाच्या सुमारास ईशान्येच्या पाइपमधून सूर्य वर आला. मी या वेळी मुद्दाम नैर्ऋत्येच्या पाइपच्याही मागे जाऊन बसले होते, म्हणजे दोन पाइप एकामागे एक, दुर्बिणीसारखे. उन्हाळ्यातला उगवता सूर्य आणि हिवाळ्यातला मावळता सूर्य एकाच रेषेवर असतात, फक्त विरुद्ध टोकांना. ही गोष्ट मी शाळेत मुलांना तक्त्यावर काढून दाखवलेली आहे. आज ती रेघ माझ्या कपाळावर येऊन टेकली. अचूक दिवस आजचाच नव्हे, आगेमागे दहाएक दिवस हे दिसतं. कालपासून सूर्य दक्षिणेकडे सरकायला लागलाय.

कोल्हापुरात आज बायका वडाला जातील. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. मी आता जात नाही, पण फणस-आंब्यांचा, भिजलेल्या सुताचा वास या दिवशी येतोच. इथे वड कुठला. 20 जुलै 1973 रोजी टेक्ससमध्ये अमारिलोजवळ नव्या कामाची जागा वरून बघताना स्मिथसन यांचं विमान पडलं आणि ते गेले. तेव्हा नवराबायको दोघांचं वय 35. होल्टबाईंनी मित्रांना बरोबर घेऊन ते अर्धं राहिलेलं काम पुरं केलं. आणि वाळवंटात सूर्य उगवताना आणि मावळताना बघत त्यांना या पाइपांची कल्पना सुचली. लोक याला काय म्हणतील ते म्हणोत. नवरा गेल्यावर एका बाईने रोज सकाळ-संध्याकाळ सूर्याकडे बघितलं, आणि मग तीन वर्षं मजूर, क्रेन, सिमेंट यांच्याशी झटून उजेडाला बसायला जागा केली, एवढं मला पुरतं. 2014 साली त्याही गेल्या. 2018पासून डिया आर्ट फाउंडेशन ही जागा सांभाळतं.

लोक तंबू गुंडाळून निघाले. लेकीला दुपारपर्यंत परतायचं होतं, पण तिने मला दोन तास दिले. मकरेच्या पाइपमध्ये जाऊन मी मांडी घातली. साडेनऊच्या सुमारास एक कवडसा भिंतीवरून उतरत खाली आला होता. अर्ध्या शीटचा ड्रॉइंग पेपर दोन कोपऱ्यांना खडे ठेवून त्याखाली पसरला. उजेड कागदावर आला तेव्हा तो गोल नव्हता, अंड्यासारखा लांबट. 2 बी पेन्सिलने त्याची कड गिरवली आणि बाजूला वेळ लिहिली. पाच मिनिटांनी पुन्हा. कवडसा तीन बोटं सरकला होता. नुसतं बघत बसलं तर तो हललेला कळत नाही, पण पेन्सिलची रेघ मागे राहते आणि उजेड तिच्यातून निघून जातो. तिसऱ्या अंड्यापर्यंत माझा हात स्थिर झाला. कड अगदी कापल्यासारखी नसते, मध्ये पांढरं, मग पिवळसर, मग एक धूसर पट्टी आणि मग सावली. रेघ कुठे ओढायची हे दर वेळी ठरवावं लागतं. मी धूसर पट्टीच्या मधून ओढत होते. चौथ्याला एक मुंगी आली आणि उजेडातून तिरपी चालत गेली. तिचीही मी रेघ काढली.

लेक शेजारी येऊन बसली. शाळेत ती माझ्याच वर्गात होती, पुठ्ठ्याच्या खिडकीचा तिला कंटाळा यायचा. तिने विचारलं, "मी काढू एक?" पेन्सिल दिली. आठवं अंडं तिने काढलं. नववं कागदाच्या काठावर आलं, अर्धं आत, अर्धं सिमेंटवर. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग कागद उचलला, खाली दुसरा पसरला आणि घड्याळ बघून कोपऱ्यात वेळ लिहिली, 10:15.